‘निरंक’ लिहिलेला रकाना

आवक नोंदवहीत ज्याची नोंद नाही असा एक तपकिरी लिफाफा माझ्या कार्यालयातील कपाटात सव्वा वर्ष पडून होता. तो मला मिळालाच नाही, असे मी भरल्या बैठकीत सांगितले होते. ज्यांनी तो माझ्या हातात दिला, त्या बाई त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. ही गोष्ट मी घरी सांगितली नाही, मित्रांना सांगितली नाही. आणि स्वतःला सांगतानाही ‘गडबडीत राहून गेले’ अशा सोयीच्या शब्दांत सांगत राहिलो. राहून काहीच गेले नव्हते. मी खोटे बोललो होतो.

नागपुरातील एका सरकारी देखरेख यंत्रणेत मी धोरण आणि नियोजन विभागाचा प्रमुख आहे. रुग्णालयांत माणसांना कसे वागवले जाते याविषयीच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांची चौकशी करायची, हे आमचे काम. वृद्धाश्रम आणि वसतिगृहे तपासणारी दुसरी एक यंत्रणा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. दोन्हींचे विलीनीकरण करून एकच कार्यालय करायचे ठरले आणि नव्या कार्यालयाचा आराखडा करण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

ते दिवस चेष्टेचेही होते. त्यांची माणसे टेबले घेऊन आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा आमचा एक कारकून म्हणाला, “लगीन तं लागलं, पन नवरदेव कोन आन् नवरी कोन, थे काही समजून नाही राहिलं.” त्यांच्यातला एक जाडजूड निरीक्षक लगेच उत्तरला, “जे आपलं घर सोडून आले, थे नवरी. सांभाळून घ्या जी आता!” मीही हसलो होतो. कोणते काम नव्या घरात येणार आणि कोणते बाहेर राहणार, हे माझ्या तक्त्यावर ठरणार होते, आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा मद चढला होता.

प्रत्येक कार्यासनाकडून, म्हणजे प्रत्येक कामाच्या टेबलाकडून, मी एक प्रपत्र भरून मागवले. त्याच्या तळाशी माझ्या हातची सूचना होती: ‘कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. सांगण्यासारखे काही नसल्यास निरंक असे लिहावे.’ सरकारी कागदावर हा शब्द इतक्या वेळा येतो की त्याचा अर्थ कोणी थांबून पाहत नाही. निरंक म्हणजे काहीच नाही. माहिती आली नाही असे नव्हे. माहिती आली, आणि तिच्यात शून्य आहे, असे. हा फरक मी कनिष्ठांना अनेकदा समजावून सांगितला आहे.

तळमजल्यावर जिन्याशेजारी ‘तोंडी तक्रार’ नावाचे एक कार्यासन होते. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येत असूनही साहेबाला काय लिहावे हे सुचत नाही, ती माणसे तिथे बसून बोलत. आणि एक बाई ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेत, वाचून दाखवत, मग खाली सही किंवा अंगठा घेत. त्या माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या. सगळे कार्यालय त्यांना ताई म्हणे. हुडकेश्वरहून स्कूटरवर येत, हेल्मेट टेबलाच्या खणात ठेवत आणि पहिल्या माणसाला म्हणत, “बसा जी. पानी घ्या आधी.”

प्रपत्रांची मुदत संपायला चार दिवस असताना त्यांनी मला लिफ्टपाशी गाठले.

“सर, हे घ्या. चारदा भरून पाह्यलं. तुमच्या रकान्यात नाही बसत जी.”

“काय बसत नाही, ताई?”

“तक्रारीचा प्रकार म्हनून तुम्ही एक ते नऊ आकडे देल्ले. आता एक बाई म्हनते, दवाखान्यात तिच्या सासऱ्याले ‘ए बुढ्या’ म्हनून हाक मारतात. हा कोनता आकडा?”

“नऊ. ‘इतर’ लिहा.”

“बाप्पा! मंग तं सारंच ‘इतर’ होऊन राहिलं.” त्या हसल्या आणि लिफाफा पुढे केला. “म्हनून तीस पानं जोडली, लोकांच्या बोलन्याची. तुम्ही वाचा, आन् तुम्हीच बसवा. तुमाले जमते थे.”

“आवकमध्ये देता का? नोंद होईल.”

“तुमच्या हातात देऊन राहिली ना. आवक कशाले?”

मी लिफाफा कपाटात ठेवला. रविवारी निवांत वाचू, असे ठरवले होते. तो रविवार गेला, मुदत संपली, आणि वरिष्ठांचा फोन आला की तक्ता आज संध्याकाळी पाचच्या आत हवा. संगणकावरचा तक्ता मी असा करून घेतला होता की रिकामा रकाना लाल दिसावा. सगळे पान पांढरे झाले होते. फक्त तोंडी तक्रारीची ओळ लाल होती. उठून कपाट उघडायला एक मिनिट लागले असते आणि तीस पाने वाचायला एक तास. माझ्याजवळ तो तास होता. पण ती पाने वाचली की माझे नऊ आकडे चुकीचे ठरतील, प्रपत्र पुन्हा फिरवावे लागेल, ही भीती मला आतून होती. मी त्या ओळीतल्या सहाही रकान्यांत ‘निरंक’ लिहिले. ओळ पांढरी झाली.

दोन महिन्यांनी नव्या कार्यालयाचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांची यादी, हाती आली. तोंडी तक्रार कार्यासन तिच्यात नव्हते. त्याऐवजी तळमजल्यावर तक्रार नोंदवण्याचे एक यंत्र बसणार होते. पहिल्या संयुक्त बैठकीत आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सहज विचारले, “या कार्यासनाकडे वर्षभरात एकही काम नव्हते? सगळीकडे निरंक कसे?”

टेबलाच्या टोकावरून ताई म्हणाल्या, “साहेब, माहिती मी देल्ली होती. सरांच्या हातात.”

सगळे माझ्याकडे वळले. त्या क्षणी ‘हो’ म्हणणे अवघड नव्हते. फार तर चार बोल ऐकावे लागले असते. मी हळू आवाजात, अगदी सभ्यपणे म्हणालो, “माझ्याकडे काही आलेले नाही. आवक नोंदवही पाहता येईल.”

नोंदवही आणली गेली. नोंद नव्हतीच. तो जाडजूड निरीक्षक म्हणाला, “तोंडी कार्यासन आहे ना जी, माहितीही तोंडीच देल्ली असन!” आणि बैठक हसली. ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी नोंदवहीकडे पाहत होतो.

आठवड्याने त्यांना लेखी समज देण्यात आली. तिचा मसुदा भाषा तपासण्यासाठी माझ्याकडेच आला; कार्यालयात माझे मराठी चांगले समजतात. त्यात ‘निष्काळजीपणा’ असा शब्द होता. तो खोडून मी ‘दिरंगाई’ असा केला आणि त्यांच्यावर उपकार केल्यासारखे मला वाटले. हे मला आजही सगळ्यांत जास्त लाजवते. खोटे घाईत बोलले गेले, असे एखादा म्हणू शकेल. हा शब्द मी विचार करून, लाल शाईने बदलला होता.

त्यांची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली, जुन्या नस्त्यांची, म्हणजे फायलींची, बाडे सांभाळायला. जिन्यात भेटल्या की त्या पूर्वीसारख्याच म्हणत, “नमस्कार सर.” आवाजात टोमणा नसे. मी हळूहळू लिफ्टने जाऊ लागलो.

वर्ष असेच गेले. मग एका दुपारी जेवून परत येताना तळमजल्यावर मी एक म्हातारी पाहिली. रामटेकच्या बाजूच्या एका खेड्यातून आली होती. त्या यंत्रासमोर उभी राहून ती पहारेकऱ्याला विचारत होती, “काय गा, इथं थे लिहून घेनारी बाई राहे, थे कुठी गेली?”

“आता मशीन आहे, आजी. यात लिहा.”

“मले लिहिता आलं असतं तं थ्या बाईले काहून विचारलं असतं?”

मी तिला माझ्या खोलीत नेले. मीच लिहून घेतो, म्हणालो. ती बोलू लागली. तिचा नवरा दवाखान्यात होता. त्याने पाणी मागितले तर परिचारक म्हणाला, सकाळपासून किती पाणी पितोस, चादर कोण बदलणार? मग म्हाताऱ्याने पाणी मागणेच सोडून दिले. “दोन दिवस जीभ ओठावरून फिरवे,” ती म्हणाली, “पन मांगे नाही. लाज वाटे त्याले.” तिचे बोलणे संपल्यावर मी लिहिलेले वाचून दाखवले: ‘कर्मचाऱ्यांची रुग्णाप्रति वर्तणूक असमाधानकारक असल्याचे अर्जदाराचे म्हणणे आहे.’

तिने काही वेळ वाट पाहिली. मग विचारले, “आन् मी सांगितलं थे?”

ती गेल्यावर मी दार लावून कपाट उघडले. तीस पाने होती, ताईंच्या गोल अक्षरांत. गांधीबागेत कापडाचे गठ्ठे उचलणारा एक हमाल सांगत होता की हाड मोडले म्हणून त्याला भरती केले, पण डॉक्टर सगळे त्याच्या मुलाशी बोलतात आणि त्याच्याकडे बघतही नाहीत: ‘पाय माहा आहे, पन मलेच कोनी सांगून नाही राहिलं.’ एक बाई सांगत होती की बाळंतपणात ती ओरडली तेव्हा खोलीतल्या सगळ्या परिचारिका हसल्या. प्रत्येक पानाखाली ताईंनी बारीक अक्षरात पुढे काय झाले ते लिहिले होते: कोणत्या दवाखान्याला फोन केला, कोणी माफी मागितली, कोणी नाही. चौकशीशिवायच निम्म्याहून अधिक तक्रारी मिटल्या होत्या. आमच्या सबंध यंत्रणेत इतके नेमके काम दुसऱ्या कोणत्या टेबलावर झाले असेल, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेलो. ताई बाडांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी लिफाफा टेबलावर ठेवला.

त्यांनी तो ओळखला. “उघडला?”

“काल.”

“काल!” त्यांनी लिफाफा उलटून पाहिला. “मले वाटे, वाचून नाही म्हटलं असन. न वाचताच?”

मी होकारार्थी मान हलवली. मग मी म्हणालो की माझे चुकले, फार चुकले. त्या चिठ्ठी हातात धरून ऐकत राहिल्या.

“माझ्यापाशी काहून सांगून राहिले सर? मले तं ठाऊकच आहे.”

“समज रद्द करण्याची टिपणी आजच पाठवतो. तुमच्या सेवापुस्तकातून ते पान जाईल.”

“चार महिन्यांत मी रिटायर होते. पान गेलं तं बरंच आहे. पन टिपनी कोन वाचते जी? जे सारे हसले होते, थे वाचतील का?” त्यांनी चिठ्ठी बाडावर दाबून बसवली. “ज्यांच्या समोर नाही म्हटलं, त्यांच्या समोर हो म्हना. मंग बाकीचं पाहू.”

टिपणी मी त्याच दिवशी पाठवली. बैठकीत मात्र लगेच बोललो नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत ताई नव्हत्या आणि तेवढे कारण मला पुरले. त्यानंतरच्या बैठकीत होत्या, पण त्या दिवशी मंत्रालयातून पाहुणे आले होते, म्हणून मी पुन्हा गप्प बसलो. लहानपणापासून मला सगळे मवाळ म्हणत आले. आवाज न चढवणे हा मी माझा गुण मानत होतो. त्या दोन महिन्यांत मला कळले की त्या गुणाच्या आडोशाला भित्रेपणा चांगला लपतो.

तिसऱ्या बैठकीला दोन्ही यंत्रणांच्या जुन्या नस्त्या एकत्र लावण्याचा विषय होता, म्हणून ताईंना बोलावले होते. त्यांच्या निवृत्तीला महिनाही उरला नव्हता. विषयपत्रिका संपली. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’ उरतात, आणि त्यांत बहुधा चहाच्या कपांची नाहीतर वाहनतळाची गाऱ्हाणी निघतात. मुख्य अधिकाऱ्यांनी कागद आवरत विचारले, “कोणाचे काही?”

मी उभा राहिलो. आमच्याकडे बैठकीत कोणी उभे राहून बोलत नाही, त्यामुळे खुर्च्या सरकण्याचा आवाज थांबला. तोंडी तक्रार कार्यासन पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव मी ठेवला. त्यावर निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तो काय होईल हे आता माझ्या हाती नाही. मग मी पुढचे बोललो. पण नेहमीच्या सवयीने, टेबलाकडे पाहत, जेमतेम शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकेच.

“सर, मोठ्यानं बोला जी,” तो निरीक्षक पलीकडून म्हणाला. “इकडं काही ऐकू नाही येऊन राहिलं.”

त्याच्या आवाजात या खेपेला थट्टा नव्हती. मी मान वर केली. ताई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहून, त्या खोलीत माझा आवाज कधी गेला नव्हता इतक्या मोठ्याने म्हणालो, “ताई, माहिती तुम्ही मुदतीत दिली होती, माझ्याच हातात. ती मी वाचली नाही, तुमच्या कामाच्या जागी शून्य लिहिले, आणि याच खोलीत तुम्हाला खोटे पाडले. खोटा मी होतो. तुमच्यावर सगळे हसले ते माझ्यामुळे. मला माफ करा.”