सहाणेपुढचा सुरमाड

माझा धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला, पण शिमग्याला रजा नाही मिळाली तर नोकरीच सोडीन म्हणणारा. आमचं गाव देवरूखजवळ. आमच्याकडे होळी म्हणजे नुसता जाळ नाही. देवाची पालखी जिथे बसते त्या सहाणेपुढच्या मैदानात अख्खं झाड सोलून, शेंड्याला आंब्याचा टहाळा ठेवून उभं करतात आणि ते वर्षभर तसंच राहतं. त्या वर्षीचा सुरमाड, ताडासारखं उंच सरळ झाड, रानातून आणताना खांदा द्यायला हाच सगळ्यांच्या पुढे. होळी उभी राहिल्यावर मला म्हणाला, यंदाची थेट हातखंब्यावरून दिसेल. मी म्हटलं, तुझ्या थापा तर रत्नागिरीवरून दिसतात.

पालखी घरोघर फिरत असतानाच एका संध्याकाळी तो छाती धरून अंगणात बसला. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी फाटतेय, ऑपरेशन आजच व्हायला हवं. असं ऑपरेशन होतं त्यात कोल्हापूर त्यातल्या त्यात जवळ, पण आंबा घाटात टँकर उलटून रस्ता बंद होता. बाईंनीच फोनाफोनी करून हेलिकॉप्टर मिळवलं.

तिकडच्या माणसाने फोनवर विचारलं, मैदानात काही उंच आहे का, खांब, तारा, झाडं? फोन काकांच्या हातात होता. काका गावचे मानकरी. त्यांनी विजेची लाइन सांगितली, शाळेमागचा टॉवर सांगितला, कडेचा वडसुद्धा सांगितला.

"बाकी मैदान मोकळं हाय," म्हणाले.

आम्ही सगळे शेजारीच उभे होतो. कुणालाही काही खटकलं नाही.

अंधार पडल्यावर गाड्यांचे दिवे लावून आम्ही मैदान उजळलं. हेलिकॉप्टर आलं, धुरळा उडाला, त्याचा झोत त्या सोललेल्या खोडावर पडला आणि हेलिकॉप्टर तसंच वर उचललं गेलं. फोन आला, मैदानात खांब आहे, उतरता येत नाही.

"खांब कसला? ती आपली होळी हाय," काका म्हणाले, आणि मग वर त्या खोडाकडे बघून त्यांनी कुऱ्हाड मागितली.

उभी होळी तोडल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. काकांनी हात जोडले आणि स्वतः कुऱ्हाड चालवली. पण हेलिकॉप्टरला थांबण्याइतकं इंधन नव्हतं. खोड आडवं होण्याआधीच हेलिकॉप्टरचा आवाज डोंगरापलीकडे गेला. मला काकांचा राग आला, देवाचा आला, पण ओरडायचं तरी कुणावर?

मग भावाला घेऊन रुग्णवाहिका घाटाकडे निघाली. रस्ता सुटेल एवढीच आशा. वाटेत त्याने विचारलं, "ताये, येतंय ना गो ते?"

"येतंय," मी म्हटलं.

घाटाच्या पायथ्याशी तो गेला.

सकाळी त्याला आंघोळ घालताना उजव्या खांद्यावर सालटं गेलेलं दिसलं. होळी वाहून आणल्याचं. ते अजून ओलंच होतं, म्हणून मी तिथे पाणी हळू ओतलं.