पाय त्याचा होता

आमच्या ऑफिसच्या जुन्या जीपचा ड्रायव्हर डावा तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवूनच गाडी चालवायचा. काटा साठच्या वर सरकला की म्हणायचा, "साहेब, बुढी थरथरून राहिली," आणि पाय सैल सोडायचा.

त्या दिवशी अकोल्याच्या मीटिंगला उशीर होत होता. "दाब. माझी जबाबदारी," मी म्हणालो. त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि दाबलं. इंजिन किंचाळायला लागलं, काटा नव्वदवर गेला. मूर्तिजापूरच्या अलीकडे वळणावर जीप त्याला आवरली नाही. सायकलवरचा एक म्हातारा जागीच गेला.

चौकशी करणाऱ्या मोठ्या साहेबांनी त्याला विचारलं, "एवढी जोरात कोणाच्या सांगण्यावरून नेली?" मी शेजारीच बसलो होतो. तो म्हणाला, "पाय तं माहाच होता, साहेब."

त्याच्या जबाबाखाली मी साक्षीदार म्हणून सही केली. त्याची नोकरी गेली.

'दाब' मीच म्हणालो होतो. आज हे लिहितोय, पण ती फाईल कधीच बंद झाली.

तो आता अमरावतीत ऑटो चालवतो. कधी भेटला तर बळेच मला बसवून घेतो, सायकलवालेही पुढे निघून जातील इतक्या हळू नेतो आणि आरशात बघून विचारतो, "घाई तं नाही ना, साहेब?"