चाल नसलेला ढावलो

कामरगावापल्याडच्या तांड्यात लगीन ठरलं की पहिलं बोलावणं जायचं रामीबाईला. मांडववाला मागाहून, आचारी त्याच्याही मागाहून. बंजाऱ्याच्या नवरीला ढावलो यावा लागतो ना! सासरी निघण्याआधी आईच्या, बापाच्या, भावाच्या, तांड्याच्या नायकाच्या गळ्यात पडून चालीवर रडायचं, म्हणजे ढावलो. रडणंसुद्धा शिकवावं लागतं हो, आणि ते शिकवावं रामीबाईनंच. तिच्या हाताखालची पोर गायला लागली की दगडाला पाझर फुटायचा.

तिला स्वतःला तेराव्या वर्षी उजवली होती. तेव्हा अशी गायली म्हणतात की म्हातारे बाप्ये पगडीच्या शेवानं डोळे पुसत होते. मग सासर. नवऱ्याच्या एका फटक्यानं डावा कान गेला, आणि आठ वर्षांनी ती भावाकडे आली ती कायमची. भाऊ गोविंदसिंग आता तांड्याचा नायक. त्या डाव्या कानात बाहेरचं काही शिरत नाही, पण आतल्या आत सतत काहीतरी गुणगुणत असतं.

यंदा दसऱ्यानंतर प्रेमसिंगच्या निताचं ठरलं. पोर दहावीत, अजून पंधरा सरली नाहीत. प्रेमसिंग वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवराबायको ऊसतोडीला जाणार; सहा महिने पोर मागं ठेवावी कुणाच्या भरवशावर? उजवून मोकळं झालेलं बरं, असा त्याचा हिशेब. पण मेलं, मोकळं होतं कोण, हे कधी कुणी पोरीला विचारलंय का?

ढावलो शिकवायला बसायचं त्या दुपारी रामीबाई जेवून निंबाखाली कलंडली. समोर तूर फुलावर होती. डोळा लागला की नाही, तिलाही कळलं नाही. तुरीतून पोरी येत होत्या, पाऊल न वाजवता, सगळ्या तिनं शिकवलेल्या. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरच्या विहिरीत सापडलेली रूपलाही होती, आणि तिचे केस कोरडे होते. घागऱ्यांवरून पिवळी फुलं ओघळत होती, पण जमिनीला पोचत नव्हती. एकेक पोर तिच्या डाव्या कानाशी वाकायची, आणि त्या मेल्या कानात लख्ख ऐकू यायचं. त्या गात नव्हत्या, साध्या बोलत होत्या. “आत्या, मी तं सांगतलंच होतं.” “नायकाच्या गळ्यात पडून सांगतलं, आत्या.” सगळ्यांत शेवटी एक तेरा वर्षांची आली. तिला रामीबाईनं शिकवलं नव्हतं. ती काहीच बोलली नाही, नुसती बघत उभी राहिली.

रामीबाई उठली तेव्हा उन्हं कलली होती. प्रेमसिंगच्या अंगणात बायका जमल्या होत्या, खाटेवर गोविंदसिंग बसला होता. रामीबाईनं निताच्या गळ्यात हात घातला. सगळे वाट बघू लागले. पण ती गाईचना.

“काहून वं आत्या, विसरली काय?” प्रेमसिंग म्हणाला. “मोबाइलवर लावू का?”

“लाव ना बाप्पा! अन् लगीनबी त्या मोबाइलसंगंच लाव!” रामीबाई फणकारली. मग भावाकडे वळली. “भाऊ, माह्या लग्नात मी तुह्या गळ्यात पडून ढावलो म्हनला होता. याद हाय?”

“याद कशी नाही? तसा गळा तांड्यात पुन्हा झाला नाही. लय रडलो मी.”

“बोल काय होते त्याचे?”

गोविंदसिंगानं डोळे मिटले. चाल गुणगुणली, सगळ्या चढउतारांसकट, अगदी बरोबर. शब्द मात्र एकही येईना.

“हेच तं! चाल साऱ्यायले याद, बोल कोनालेच नाही. पोरी बोंबलून सांगतेत, अन् तुमी म्हनता, काय गोड गळा! अन् त्याहिले चाल शिकवनारी चांडाळीन कोन, तं मीच.” तिचा आवाज फाटला. तिनं निताची हनुवटी वर केली. “बाई, तू चालीवाचून सांग.”

निता बापाकडे बघत म्हणाली, “बाबा, मले लगीन नाही करायचं. मले भेव वाटते. मले परीक्षा देऊ द्या.”

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. कोणीच रडलं नाही, त्यामुळे कोपऱ्यातल्या बाईपर्यंत नीट ऐकू गेलं.

“मंग सहा महिने इले ठेवू कोनापाशी?” प्रेमसिंगनं खाली मान घालून विचारलं.

“माह्यापाशी. नायकाच्या दारात माहं घर हाय. कोनाची टाप हाय तिले हात लावायची?”

गोविंदसिंगानं निताकडे पाहिलं. मग म्हणाला, “पाहुन्यायले मी कळवतो. हे लगीन होनार नाही.”

बायका पांगल्या. निता दप्तर आणायला घरात गेली. खाटेवर म्हातारा तेवढा राहिला.

“रामी,” त्यानं विचारलं, “बोल काय होते वं?”

सत्तावन्न वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी टेकली. गळ्यात पडली नाही, सूरही लावला नाही.

“भाऊ,” ती म्हणाली, “मी लहान हाय. मले धाडू नोको.”