मंगळवारचा नंबर

हातात पुस्तक नसेल तर नाना जवळचा नंबर काढून देत नसत. सोनारपुऱ्याहून राजा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून उभं राहावं एवढंच ते रुंद. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता होता, पण तो फक्त दूरचं बघण्यासाठी. वाचायचा चष्मा हवा असेल तर घरी जे पुस्तक चालू असेल ते घेऊन यायचं, हा नानांचा नियम. गिऱ्हाईक कुरकुरलं तर ते म्हणत, "कार्डावरची अक्षरं घरी कोण वाचतं हो? जी किताब वाचायची आहे तिच्यासाठीच चष्मा पाहिजे ना?"

नानांचं घराणं कधीकाळी कुणा मराठा सरदाराबरोबर काशीला आलं आणि इथेच राहिलं. त्यांच्या मराठीत 'दिक्कत', 'आराम से', 'बिलकुल' असे शब्द इतके मुरलेले होते की ते हिंदी आहेत हे त्यांना सांगूनही पटलं नसतं. मला ते पहिल्या दिवसापासून 'बेटा' म्हणत. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची, बँकेत अधिकारी, नुकतीच बदली होऊन वाराणसीला आलेली, आणि चाळिशी लागलेली.

पहिल्या दिवशी त्यांनी मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी एक जाडजूड कादंबरी घेऊन गेले. सगळीकडे नावाजलेली होती आणि चार महिने माझ्या उशाशी पडून होती. नानांनी नंबर काढायची जड फ्रेम माझ्या नाकावर बसवली, भिंगं घातली, काढली, पुन्हा घातली आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. मग विचारलं, "कशी वाटते?"

"चांगली आहे," मी म्हटलं.

"अच्छा. पण दोनदा ओळ सोडलीत. नंबर तर बरोबर लागलाय." ते भिंग पुसत राहिले. "ही डोळ्यांची दिक्कत नाही, बेटा. तुम्हाला कंटाळा येतोय, आणि तसं म्हणायची लाज वाटतेय."

चार महिने जे मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं, ते या माणसाने दहा ओळी ऐकून सांगितलं होतं.

पुस्तकाबद्दलचं मत ते सगळ्यांना विचारत, पण एका अटीवर. आज ज्या पानावर आहात तिथपर्यंतचंच बोलायचं. "पूर्ण झालेल्या किताबीवर सगळेच विद्वान असतात. अर्ध्यावर असताना बोला, तेव्हा माणूस खरं बोलतो." एकदा विद्यापीठातून निवृत्त झालेले तांबे सर तिथे एका ग्रंथावर वीस मिनिटं बोलले. संदर्भ काय, तुलना काय! नानांनी सगळं मन लावून ऐकलं आणि मग हळूच विचारलं, "सर, आपण कुठल्या पानावर आहात?" तांबे सरांनी पुस्तक उघडलं. खूण प्रस्तावनेतच होती. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले, आणि तेव्हापासून ते नानांचे पक्के दोस्त झाले.

रविवारी दुपारी दुकान बंद असे, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी. आम्ही सात-आठ मराठी माणसं आपापलं चालू पुस्तक घेऊन त्या चिंचोळ्या जागेत कोंबून बसत असू. मधोमध चहाची किटली. नाना सगळ्यांत शेवटी बोलत. "मी तेहेतिसाव्या पानावर आहे," ते गंभीरपणे सांगत. "नायक गाडीतून उतरलाय. मागच्या रविवारी पण उतरतच होता. सामान फार आहे बिचाऱ्याचं." नानांचं वाचणं अतिशय सावकाश चाले. एक कादंबरी त्यांना पावसाळ्यापासून होळीपर्यंत पुरे.

सासरे गेल्यावर माझ्या सासूबाई परभणीजवळचं गाव सोडून कायमच्या आमच्याकडे आल्या. रविवारी घरात एकट्या कशाला, म्हणून मी त्यांनाही बैठकीला नेऊ लागले. त्या कोपऱ्यात बसून सगळं कान देऊन ऐकत. कुणी पुस्तक पुढे केलं तर म्हणत, "डोळ्यांनी दिसत नाही हो आता." घरी मात्र रोज सकाळी पोथी उघडून बसत आणि अध्याय म्हणत, पानं उलटत. मी म्हणायची, "आई, पोथी दिसते आणि पुस्तक कसं दिसत नाही?" त्या म्हणायच्या, "पोथीची अक्षरं मोठी असतात." मला ते पटलं होतं. माझ्या नवऱ्यालाही पटलं होतं, आणि तो तर त्यांच्या पोटचा मुलगा. दहाव्या वर्षी तो शिकायला बाहेर पडला होता, आणि घरातलं लिहिणं-वाचणं सगळं सासरे बघत.

सासूबाईंच्या वाढदिवसाला त्यांना चष्मा करून द्यायचं मी ठरवलं. त्यांनी तीनदा टाळलं. चौथ्या वेळी मी रिक्षाच बोलावली. पोथी छातीशी धरून त्या नानांसमोर बसल्या, आणि पोथीवरची पकड काही सैल होईना. मला वाटलं, दवाखान्यासारखी भीती वाटत असेल.

"ताई, आराम से," नाना म्हणाले. "दूरचं नंतर बघू. आधी तुमची पोथी वाचा."

सासूबाई वाचू लागल्या. नानांनी एक भिंग घातलं. "दिसतंय?" "दिसतंय." दुसरं घातलं. "आता?" "दिसतंय." तिसऱ्यालाही दिसतंयच. मग नानांनी स्वतःच पुढे होऊन पोथीचं पान उलटलं. सासूबाईंचा आवाज न अडखळता चालू राहिला. नाना क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी हातातलं भिंग सावकाश डबीत ठेवलं. मी फोनवर बँकेचा निरोप वाचत होते.

"बेटा, यांचा नंबर जरा नाजूक आहे," ते मला म्हणाले. "एका बैठकीत नाही निघायचा. दर मंगळवारी दुपारी यांना माझ्याकडे पाठवा. एकटंच पाठवा हो. बरोबर कुणी असलं की डोळे बिचकतात."

मी हसले आणि हो म्हटलं. एक मंगळवार झाला, चार झाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सासूबाई दर मंगळवारी जेवण उरकून, धुतलेलं पातळ नेसून, पोथी पिशवीत घालून रिक्षाने जात आणि चार वाजता परत येत. चष्मा काही येईना. शेवटी मी एका दुपारी बँकेतून थेट दुकानात गेले.

"नाना, नंबर काढायला चार महिने? मी त्यांना मोठ्या इस्पितळात दाखवते."

"दाखवा की. पण मला अजून थोडे दिवस द्या."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा ना!"

हे मी बोलले. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. नानांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "वय झालं, बेटा. हाताला पहिल्यासारखा अंदाज नाही राहिला. पण यांचं काम तेवढं मला पुरं करू द्या."

मी गप्प बसले, पण तिथल्या तिथेच. पुढच्या आठवड्यात फोनवर मी तांबे सरांना म्हणाले की नानांचं आता खरं नाही, साधा नंबर त्यांना सापडत नाही. मला त्यात फार काही वावगं वाटलं नाही. तांबे सरांनी नवा चष्मा दुसऱ्या दुकानातून केला. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोन घरं गेली. हे नानांच्या कानावर गेलं नसेल असं होणं शक्यच नव्हतं, कारण तांबे सर तोच चष्मा घालून रविवारी बैठकीला आले. त्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं. नानांनी त्यांच्या नाकावरून चष्मा अलगद काढला, उजेडात धरून पाहिला, छोट्या पेचकसाने एक काडी नीट केली आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. "छान आहे फ्रेम. एक स्क्रू ढिला होता." एवढंच. मग चहा ओतायला घेतला.

होळीनंतर एका मंगळवारी सासूबाई चष्मा लावून घरी आल्या. आणि त्यानंतरच्या रविवारी, सगळ्यांचं बोलून झाल्यावर, त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. कुणा शहरी लेखकाची खेड्यावरची कादंबरी होती.

"मी अकराव्या पानावर आहे," त्या म्हणाल्या. "ह्यात बाया विहिरीवरून पाणी घेऊन येतात. डोक्यावर भरल्या घागरी, आणि हसत-खिदळत गाणी म्हणतात. हा लिहिणारा माणूस कधी पाण्याला गेलेला नाही. भरली घागर डोक्यावर असली की बाई हसत नाही. हसलं की मान हलते. बोलायचं ते जाताना, रिकाम्या घागरीबरोबर. येताना फक्त पायाखाली बघायचं. माझी सासू वारली त्या दिवशीसुद्धा मी पाणी आणलं, आणि घागर उतरवल्यावर रडले."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "पुढे सुधारला तर सांगेन."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्यांवर बोलले, थोडंफार लिहिलंही. असं मत माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. नाना कोपऱ्यात दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे ताठ बसले होते. निघताना मी त्यांना मोठ्या मनाने म्हटलं, "जमला अखेर नंबर, नाना!"

"हो बेटा, जमला बुवा," ते म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षं सासूबाईंनी एकही रविवार चुकवला नाही. त्यांचं मत ऐकायला माणसं वाढली. बाहेर बाक टाकावं लागलं.

मागच्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाने नाना गेले. ग्वाल्हेरहून त्यांची मुलगी आली होती. आम्ही भेटून आलो, आणि घरी पोचल्यावर सासूबाई चपला न काढताच ओसरीच्या पायरीवर बसल्या.

"तुला एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "हो, दिसत नव्हतं ना."

"दिसत थोडंफार होतं. येत नव्हतं. पोथी पाठ होती, आईच्या तोंडून ऐकलेली. त्या दिवशी नानांनी दोन पानं एकदम उलटली आणि मी आधीचंच म्हणत गेले. त्यांना समजलं. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता हे तुझ्यासमोर बोलणार. मग मी या घरात तोंड कसं दाखवणार? तर ते म्हणाले, नंबर नाजूक आहे."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. भर दुकानात, दोन परक्या माणसांसमोर मी नानांना काय बोलले ते आठवत होतं. त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर त्यांच्या हाताची अब्रू वाचली असती. चाळीस वर्षांची कमाई होती ती. ती त्यांनी माझ्यासमोर निमूट सोडून दिली, आणि नंतरही सहा वर्षं मला दर रविवारी 'बेटा' म्हणून चहा दिला. इतकं मोठं माणूस मी रोजच्या येण्याजाण्यात बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"तांबे सरांना मी काय सांगितलं होतं, तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"माहीत आहे. तेव्हाच मी खरं सांगणार होते. नानांनी हात जोडून थांबवलं. आता ते नाहीत थांबवायला."

नाना गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी बैठक आमच्या घरी भरली. सासूबाई उभ्या राहिल्या. इतरांसारखं बसून बोला, असं कुणीतरी म्हटलं, तर म्हणाल्या, "नको, हे उभं राहूनच सांगायचं आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं. साठी उलटली तरी अक्षर येत नव्हतं, सुनेपासून, मुलापासून लपवलं, सगळं. शेवटी तांबे सरांकडे वळून म्हणाल्या, "नानांचा अंदाज कधीच चुकला नव्हता. तुम्ही माझ्यामुळे दुकान बदललंत. तो डाग त्यांचा नाही, माझा आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मग मीच उठले आणि फोन मी केला होता, डाग माझाही आहे, एवढं कसंबसं बोलले. माझा नवरा आईकडे बघत होता, लहान मुलासारखा.

मग तांबे सरांनी विचारलं, "पहिल्या मंगळवारी त्यांनी काय शिकवलं तुम्हाला?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाले, ताई, तुम्ही पोथी म्हणा, मी ऐकतो. तासभर ऐकली त्यांनी, डोळे मिटून. मग म्हणाले, तुम्हाला सगळं येतं. तुमच्या तोंडात आहे तेच इथे कागदावर आहे, फक्त दोघांची ओळख करून द्यायची राहिली आहे. आणि माझं बोट धरून एका शब्दावर ठेवलं."

तांबे सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्या रविवारी मग कुणीच पुस्तक उघडलं नाही.