लेन्सखाली हात

कादंबरी हुपरीकरच्या नाकावर राग असतो, हे सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या त्या लॅबच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर कुणीही सांगेल. कशाचा राग, हे मात्र कुणी सांगणार नाही, कारण कुणी कधी विचारलंच नाही. घरी तिची तेरा वर्षांची इरासुद्धा म्हणते, "मा, डोन्ट सो फिअर्स लाह." आता जी बाई वीस वर्षं इतरांचा निष्काळजीपणा निस्तरत आली, ती गोड कुठून बोलणार?

वीसपैकी अकरा वर्षं पुण्यात जुन्या पोथ्यांचे फोटो काढण्यात गेली, नऊ इथे. इथल्या लॅबमध्ये लोक जुने नकाशे, चित्रं, दस्तऐवज आणून देतात आणि कादंबरी त्यांचे फोटो काढते. त्यासाठीचा मोठ्या फॉरमॅटचा कॅमेरा टेबलावर उलटा टांगलेला असतो, तोंड सरळ खाली. लेन्स आधी एका चौकोनी पाटीत बसते आणि तिला मागून रिंग आवळतात. मग ती पाटी कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवायची आणि वरचा खटका सरकवायचा. लेन्स पाऊण किलोची. खाली कुणाच्या तरी पणजोबांच्या काळातला कागद. म्हणून कादंबरीचा नियम असा, की खटका लावल्यावर पाटी दोनदा खेचून बघायची आणि मगच हात काढायचा. हा नियम तिने सदुसष्ट वर्षांच्या लिम अंकलनाही शिकवला होता. लॅबमधला तंत्रज्ञ म्हणून त्यांना दरवर्षी नवा करार मिळायचा. मिळायचा म्हणजे, मॅनेजरच्या मनात आलं तर.

मॅनेजर धवल. हाही पुण्याचाच, कोथरूडचा, पण ऑफिसात कादंबरीशी नऊ वर्षांत मराठीत एक वाक्य बोलला असेल तर शपथ. "कादंबरी, प्लीज क्लोज धिस बाय फ्रायडे," एवढंच.

मार्चमध्ये खटक्याचा दात झिजला. तिने मेल केली. उत्तर नाही. दुसरी केली. नाही. तिसरीत तिने लिहिलं, "खटका धरत नाही, कॅमेरा बंद ठेवावा." त्यावर धवल टेबलापाशी येऊन म्हणाला, सुटा भाग यायला महिना लागेल, तोवर चारी बाजूंनी टेप लावा. हे लेखी नव्हे, तोंडी. तिने ठणकावून नाही म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी ती इराच्या शाळेत पालकसभेला गेली. धवलला तेवढ्यात घाई सुटली. त्याने लिम अंकलना टेप लावायला लावली, एकशे तीस वर्षांचा बंदराचा नकाशा खाली ठेवला आणि दिवे चालू करायला लावले. दिव्यांच्या उष्णतेने टेप सुटली. लेन्स नकाशावर आदळली आणि मधोमध भोक पडलं. ती झेलायला गेलेल्या लिम अंकलचं बोट फाटलं. तीन टाके पडले.

शुक्रवारी धवलने कादंबरीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि मराठीत म्हणाला, "बसा ना, कादंबरीताई."

लोक कामापुरता मामा म्हणतात. इथे कामापुरती ताई झाली होती.

त्याने फॉर्म पुढे सरकवला. अपघाताचं कारण: लेन्स नीट बसवली नाही. जबाबदार: कॅमेराप्रमुख. खाली तिच्या सहीची जागा.

"मी शाळेत होते," ती म्हणाली.

"हो, पण कॅमेरा तुमच्या ताब्यातला. आणि तुमच्या मेल आहेत ना, खटका खराब असल्याच्या. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या मेलींना याने उत्तर दिलं नाही, त्याच आता तिच्या गळ्यात!

"सही नाही केली तर?"

"मग लिमचं नाव घालावं लागेल. टेप त्याने लावली. त्याचा करार जूनमध्ये संपतोय." त्याने पेनही पुढे सरकवलं. "तुमचा इथे काम करायचा पासही ऑगस्टमध्ये संपतोय ना? आपण आपल्या माणसांना सांभाळून घेतो, ताई. सोमवारी विम्याची बाई येतेय. तोवर करून टाका."

चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही शुद्ध मराठीत! शनिवार-रविवार ती घरात धुमसत राहिली. डोशाचं पीठ सांडलं, इरावर विनाकारण ओरडली, मग त्याचाही राग आला. सही केली तर वीस वर्षांच्या कामावर काळा डाग. नाही केली तर लिम अंकल घरी. आणि दोन्हीकडे तो मात्र नामानिराळा.

सोमवारी विम्याची बाई आली तेव्हा कादंबरीने दुसरी लेन्स काढून ठेवली होती. रिंग आवळली, पाटी चौकटीत बसवली, चारी कडांना नवी कोरी टेप लावली, अंगठ्याने घासून घासून. लिम अंकल बोटाला पट्टी बांधून कोपऱ्यात उभे होते. तिने दिवे लावले, पण लेन्सला खालून आपला हात दिलेलाच ठेवला.

विम्याच्या बाईला ती इंग्रजीत म्हणाली, "फॉर्म म्हणतो, लेन्स नीट बसवली नव्हती. त्या दिवशी बसवायची पद्धत हीच होती. यापेक्षा नीट टेप मला लावता येत नाही. आता मी हात काढते." मग ती धवलकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "तू ताई म्हणालास, म्हणून मीही तू म्हणते. ये. इथे खाली हात ठेव."

धवल हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"ठेव ना. टेपने भागतं म्हणाला होतास. लिम अंकलचं बोट चाललं, तुझं चालत नाही?"

विम्याच्या बाईला मराठी कळत नव्हतं. पण तिने धवलला एक पाऊल मागे जाताना पाहिलं आणि त्याचा उजवा हात खिशात जातानाही पाहिला. दिव्यांची ऊब लागून टेपचा एक कोपरा सुटायला लागला, तोही तिला दिसला.

कादंबरीने लेन्स उतरवून कापडात गुंडाळली, कारण लेन्सचा काय गुन्हा?

बाईने पेनाचं टोपण काढून विचारलं, "टेप लावायला कुणी सांगितलं?"

लिम अंकलनी पट्टीचं बोट सरळ धवलकडे केलं. "हिम," ते म्हणाले. "शी ऑलरेडी से कॅनॉट." कादंबरीने तिन्ही मेलींच्या प्रती बाईसमोर ठेवल्या आणि सही न केलेला फॉर्म त्यावर ठेवला.

पासचं काय होतं हे ऑगस्टमध्येच कळणार होतं, आणि ते कळेपर्यंत तिचा राग काही उतरणार नव्हता. संध्याकाळी तिचा चेहरा बघून इराने दारातच विचारलं, "मा, यू स्कोल्ड युअर बॉस आ?"

"नाही गं," कादंबरी चपला काढत म्हणाली. "फक्त हात ठेव म्हटलं."