एकाच चुलीचं रक्त

मोहर्लीच्या वाटेवरच्या आमच्या दवाखान्यात प्रशिक्षण द्यायला एक साहेब आले होते. सुई टोचायच्या आधी पेशंटला नीट समजावून सांगा, म्हणे. साहेबांनी आयुष्यात पेशंट कधी पाहिला होता, देव जाणे. इथं रक्त काढते मी, समजावून समजावून घसा बसतो माझा.

दुसऱ्याच दिवशी एक सासू आठव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन आली. पोरगी पांढरीफटक, दोन पायऱ्या चढून धापा टाकत होती. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त किती आहे ते कळल्याशिवाय बाळंतपण इथं करायचं की चंद्रपूरला पाठवायचं, ते ठरणार नाही. मी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. सासूनं सोडला.

"तुमीच म्हणता रक्त कमी हाय. मंग वरून काढून काऊन राह्यल्या?"

घ्या! तरी साहेबांचा मान राखून मी समजावलं. "बाई, भात शिजला का नाई पाहाले तुमी आख्खा गंज उपसता का? एक शीतच दाबता ना? तसंच हे."

तिला पटलं. मी खूश. पुन्हा पट्टा बांधला, तिनं पुन्हा सोडला आणि स्वतःचा हात पुढं केला.

"मंग माहा घ्या. गंज तं एकच हाय. एकाच चुलीवरचं खातो आमी दोघी."

मी इतकी हसले की रांगेतले लोक आत डोकावले. वाघाच्या रानात मोहफुलं वेचायला जाते ही बाई, आणि अक्कल पाहा! म्हटलं, हिची जिरवूच. "ठीक हाय, दोघींचं घेते. आकडा एकच आला तं तुमचं खरं. नाई आला तं पुढच्या टायमाले गुमान सुनेचा हात द्याचा."

"देईन."

सुनेचं हिमोग्लोबिन निघालं आठ, हवं अकराच्या वर. कमीच, पण वेळ हातात होता. सासूचं निघालं पाच. मशीन बिघडलं असेल म्हणून मी पुन्हा लावलं. पुन्हा पाच.

"बाई, जेवता का नाई तुमी?"

सून पहिल्यांदाच बोलली, "आत्याबाई मले पुढं बसवून खाऊ घालते. मंग म्हणते, मी मघाच जेवली."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. नोंद करायला रजिस्टरं काढली. गरोदर बायांचं होतं, शाळेतल्या पोरींचं होतं, बाळांचं होतं. सासूचं कुठंच नव्हतं. तिचा आकडा मी कॅलेंडरच्या मागं लिहिला.

"माहा कमी आला का?" तिनं विचारलं.

"लई कमी."

"म्हंजे हिचा जास्त!" ती पैज जिंकल्यासारखी हसली. डॉक्टरांनी दोघींनाही चंद्रपूरला जायला सांगितलं, तर उलट त्यांनाच समजावायला लागली.

"हिले पाठवा, डॉक्टरसाहेब. मले कुठी बाळंत व्हाचं हाय?"