तामोऱ्यांचं टाळं आणि चंद्रकांतेची मोजणी

नवापूरच्या कमलाकांत तामोऱ्यांना टाळ्याशिवाय जगात काही सुरक्षित वाटत नसे. लहानपणी बापाची होडी दोर सुटून वाहून गेली, तेव्हापासून म्हणे. सायकलला साखळी, साखळीला टाळं. जेवणाच्या डब्यालाही चिमुकलं पितळी टाळं. त्यांची बायको, प्रेमला तिचं नाव, म्हणायची, "सुक्या बोंबलासाठी कोन चोर येनार हाय? तुमीच किल्ली इसरता नि उपाशी ऱ्हाता."

असा माणूस बोईसरच्या कंपनीत संगणक खात्याचा प्रमुख झाला, तेव्हा त्यानं संगणकाचं काय केलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. कंपनी रंगाच्या कारखान्यांसाठी तापमानावर नजर ठेवणारी यंत्रं बनवायची. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम तामोऱ्यांनी स्वतः लिहिलेली. नियम एकच: मेमरीतलं एक पान जरी वाचायचं असलं, तरी सगळ्या मेमरीला टाळं ठोकायचं, काम उरकायचं, मग उघडायचं. तोवर बाकीचे प्रोग्रॅम दारात उभे. त्यात प्रिंटर म्हणजे पक्का रेंगाळ्या. तो आत जाऊन एकेक ओळ कुरकुरत छापत बसे, आणि तेवढा वेळ नव्या तापमानाला आत शिरायला वाट नसे. भट्टी तापत जाई, पडदा मात्र मघाचीच गोष्ट सांगत राही.

"पण चुकीचं काही घडलं का?" तामोरे छाती काढून विचारत. खरंच घडलं नव्हतं. काहीच घडत नव्हतं.

शिरगावची चंद्रकांता खात्यात नवी आली होती. ती म्हणाली, "तामोरेसाहेब, टाळं कशाला? प्रत्येक पानाला एक आकडा ठेवू. कुणी वाचायला आला, एक वाढवला. वाचून झालं, एक कमी केला. शून्य झाला की पान मोकळं. नवं तापमान नव्या पानावर लिहू. कुणी कुणाची वाट अडवायला नको."

"आणि कुणी वाचत असतानाच पान दुसऱ्याला गेलं तर?"

"शून्य झाल्याशिवाय जाईल कसं? तुमच्या नवापूरला एका दोरीवर चार घरचे बोंबील वाळतात. जिचे असतील ती दोरीला चिंधी बांधते, नेले की सोडते. शेवटची चिंधी सुटली की दोरी खाली. तिथं बायका टाळं लावतात का?"

"चिंधीवर माझा विश्वास नाही. माझ्या आईची चिंधी शेजारणीनं सोडली होती."

"मग भांडण झालं असेल. मासळी तर वाळली ना?"

खात्यात खसखस पिकली.

कंपनीच्या मालकाच्या, शेठच्या कानावर हे गेलंच. वापीचं मोठं गिऱ्हाईक यंत्र बघायला येणार होतं. "तामोरे, वो गिनतीवाला डालो," शेठनी बजावलं. "मशीन अटकी, तो डिपार्टमेंट चंद्रकांताबेन का."

खुर्ची जाते म्हटल्यावर तामोऱ्यांनी मोजणी घातली. एकट्यानं घातली, चंद्रकांतेला बघूही दिली नाही. पण हात सवयीचा. आकडा उघड्यावर ठेवायचा म्हणजे काय? म्हणून वाढवण्याआधी त्यांनी आकड्यालाच टाळं लावलं, आणि तो कमी झाल्यावरच ते उघडायचं ठरवलं. टाळंही सगळ्या मेमरीला मिळून एकच. जुनंच.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी विजेच्या शेगडीवर पाण्याचं पातेलं, पाण्यात तापमापक. पडद्यावर आकडा चढताना पाहून गिऱ्हाईक खूश झालं. "जरा छापके दिखाओ." प्रिंटर कुरकुरू लागला, आणि पडद्यावरचं पाणी कोमटावर थांबलं ते थांबलंच. पातेल्यातून वाफा निघायला लागल्या. तामोरे म्हणाले, "वाफ दिसते नुसती. आकडा बघा." गिऱ्हाईकानं आकडा बघितला आणि पाण्यात बोट घातलं.

किंकाळी गेटवरच्या वॉचमननं ऐकली.

बोटाला बर्फ लागेपर्यंत चंद्रकांतेनं पानांचे आकडे पडद्यावर मागवले होते. "साहेब, एकाही पानाचा आकडा एकाच्या वर गेलेला नाही. दुसऱ्याला आत येऊच देत नाही, तर मोजताय कुणाला?" तिनं प्रोग्रॅममधल्या टाळ्याच्या ओळी काढून टाकल्या. आकड्यात एक मिळवणं नि वजा करणं प्रोसेसर एका दमात उरकतो, मध्ये कुणी शिरू शकत नाही. तेवढी राखण पुरेशी होती. पुन्हा प्रिंटर लावला. तो कुरकुरत राहिला आणि पडद्यावर पाणी उकळलं.

शेठ खुर्चीकडे बघू लागले. तेव्हा तामोऱ्यांचं डोकं जन्मात चाललं नव्हतं तसं चाललं.

"मी मुद्दाम केलं ते, शेठ! जुन्या पद्धतीत काय होतं, हे गिऱ्हाईकाला कळायला नको?"

गिऱ्हाईकानं बर्फातलं बोट पाहिलं. त्याला फारच कळलं होतं. ऑर्डर त्यानं तिथंच दिली.

खुर्ची वाचली. चंद्रकांतेच्या वाट्याला आली कोरडी शाबासकी. ती घेऊन ती गोड आवाजात म्हणाली, "साहेबांची कल्पना झकास आहे, शेठ. प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी जुनी पद्धत दाखवायची, मग नवी. फक्त पाहुण्याचं बोट भाजलेलं बरं दिसत नाही."

"सही बात," शेठ म्हणाले. "तामोरे का डालेंगे."

त्या वर्षी धंदा जोरात चालला. खात्याचे प्रमुख कमलाकांत तामोरे गिऱ्हाईकांशी डाव्या हातानं हस्तांदोलन करत.